आत्मिक युद्धात पाय रोवून उभं कसं राहायचं

नागपुरातल्या जरीपटक्यातल्या एका मुलीचा मला रात्री अकरा वाजून गेल्यावर फोन आला. नवरा बुटीबोरीला नाईट शिफ्टला गेलेला, लेकरू तापानं फणफणलेलं, आणि उंबऱ्याशी कुणीतरी कापलेलं लिंबू अन् कुंकू टाकून गेलेलं. "आंटी, आमच्यावर कोणीतरी करून राहिलं. समोरच्या काकूच असतील. मी आत्ताच त्यांच्या दारासमोर उभी राहून जोरात प्रार्थना करू का?"

मी विचारलं, "तू जेवली का?"

ती गप्प झाली. सकाळपासून दोन कप चहावर होती.

मी चर्चची पाळक नाही. सत्तावीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली आणि आता सदर भागातल्या आमच्या मंडळीची गुरुवारची कॉटेज मिटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, सांभाळते. आत्मिक युद्ध, म्हणजे विश्वासणाऱ्याचं सैतानाशी झगडणं, म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काहींना प्रत्येक पंक्चरमागे सैतान दिसतो, आणि काहींना तो फक्त चित्रातल्या शिंगांपुरता ठाऊक असतो. पहिल्या टोकाची माणसं थकून जातात, दुसरी झोपेत गाठली जातात. खाली जे लिहिलंय ते त्या मुलीसोबत आणि तिच्याआधी कित्येकांसोबत करून पाहिलेलं आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, १० ते २० ही वचनं, शेजारी उघडी ठेवा.

आधी शत्रूचं नाव नीट लिहा

प्रेषित पौलाने हे पत्र बेड्यांत असताना लिहिलं. आणि इफिस म्हणजे अर्तमीच्या प्रचंड देवळाचं, मंत्रतंत्राच्या धंद्याचं शहर. करणीची भीती तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या हाडीमांशी खिळलेली असणार. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये तिथले लोक जादूटोण्याची पुस्तकं चव्हाट्यावर आणून जाळतात, किंमत मोजली तर पन्नास हजार चांदीची नाणी भरते. वाचताना एक गोष्ट निसटते. ती त्यांची स्वतःची पुस्तकं होती. शेजाऱ्याच्या घरात शिरून कुणी काही जाळलं नाही.

अशा शहराला पौल बाराव्या वचनात सांगतो की आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही. समोरच्या काकू रक्तमांस आहेत. सासू, जाऊ, ऑफिसातला साहेब, दुसऱ्या धर्माचा माणूस, दुसऱ्या चर्चचा माणूस, सगळे रक्तमांस. ही यादी शत्रूंची नव्हे.

आपण नागपूरकरांना वाईटाला चेहरा द्यायची जुनी सवय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून निघते, आणि महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" असा गजर होतो. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मीही ती गर्दी पाहिली आहे. पुतळा बिचारा काही बोलत नाही. पण हीच सवय आपण घरी आणतो, प्रार्थनेत कुणा जिवंत बाईची मारबत करतो आणि तिच्या नावाने "बांधतो, तोडतो" सुरू होतं. तिथे सैतानाला काही करावंच लागत नाही, त्याचं काम आपणच करून देतो.

म्हणून पहिलं काम हे. ज्या माणसावर संशय आहे त्याचं नाव कागदावर लिहा. त्यापुढे लिहा, "रक्तमांस". मग त्या माणसासाठी आशीर्वादाची एक ओळ मोठ्याने म्हणा, दात-ओठ खात का होईना. बाकीची प्रार्थना त्यानंतर.

दुखणं कुठलं आहे ते तपासा

ह्या टप्प्यावर मी जास्त वेळ घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे झालेलं पाहिलं आहे.

स्वतःला विचारा, मी शेवटचं पोटभर कधी जेवले? सलग सहा तास कधी झोपले? एलिया संदेष्टा १ राजे १९ मध्ये रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात त्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला आहे, म्हणजे विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? देवदूत येतो तो त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलिया खातो, झोपतो, पुन्हा खातो. मग चाळीस दिवसांची वाट. देव बोलतो ते त्याच्याही नंतर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर अर्धी चिडचिड पाणी कमी प्यायल्याची असते, हे मी नर्स म्हणून सांगते.

दुसरा प्रश्न, हे दुखणं डॉक्टरचं आहे का? फिट येणं, दिवसेंदिवस झोप न लागणं, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं, बाळंतपणानंतर सतत रडू येणं, जीव द्यावासा वाटणं, ह्या गोष्टींसाठी मेडिकल किंवा मेयो ह्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ ह्या टेलि-मानसच्या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढचा परिच्छेद वाचू नका, आधी फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलाचा "प्रिय वैद्य" होता. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. प्रार्थना झाली म्हणून गोळी बंद करा असं कुणी सांगितलं, तर तो माणूस कितीही मोठ्या आवाजात वचन म्हणत असला तरी त्याचं ऐकू नका. एका ओळखीच्या कुटुंबाने असं ऐकून लेकाच्या फिटच्या गोळ्या सोडवल्या होत्या. तो पुढे आमच्याच वॉर्डात आला. त्याच्या आईचा चेहरा मला आजही आठवतो.

भूत काढतो म्हणून मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मारणारा मांत्रिक असो की गळ्यात क्रूस घातलेला असो. येशूने भुतं काढली ती शब्दाने. काठी त्याने कधी उचलली नाही, फी कधी घेतली नाही.

तिसरा प्रश्न, हे माणसांमधलं साधं भांडण आहे का? उसने पैसे, भावकीतला हिस्सा, न मागितलेली माफी. तिथे मत्तय १८:१५ लागतं, जाऊन दोघांतच बोलणं. सैतानाला धमकावून भावाचे पैसे परत होत नाहीत.

एवढं तपासूनही काहीतरी उरतंच. वचन उघडलं की मनात घाण विचार येतात, पापक्षमा मागून झाली तरी तोच दोष रोज रात्री डोक्यात फिरतो, सेवा सुरू केली की घरात विनाकारण तेढ पडते. बऱ्याचदा शरीर, माणसं आणि हे, तिन्ही एकत्र गुंतलेलं असतं. त्या मुलीचं तसंच होतं. ताप मोजायला लावला, १०२ निघाला, औषध द्यायला लावलं, ओल्या फडक्याने अंग पुसायला लावलं, तिला दूध-पोळी खायला लावली, आणि मग आम्ही प्रार्थनेला बसलो.

अधीन व्हा, मग अडवा

याकोब ४:७ मध्ये क्रम आहे. आधी देवाच्या अधीन होणं, मग सैतानाला अडवणं, मग त्याचं पळणं. आपल्याला मधला भाग आवडतो. प्रेषितांची कृत्ये १९ मधल्या, भुतं काढत फिरणाऱ्या स्किवाच्या सात मुलांनाही तोच आवडला होता. येशूचं नाव त्यांनी उसनं घेतलं आणि उघडे, जखमी होऊन घरातून पळाले.

अधीन होणं म्हणजे करायचं काय? मी पाच मिनिटं घेते. आज देव जे सांगतोय आणि मी टाळतेय अशी एक गोष्ट नावानिशी सांगते. "प्रभू, मला क्षमा कर" असं गोळाबेरीज नाही. "प्रभू, मी काल ड्यूटीवरून लवकर निघाले आणि वहीत पूर्ण वेळ लिहिला." मग १ योहान १:९ वाचते आणि तिथे थांबते. त्याच पापासाठी दुसऱ्यांदा क्षमा मागत नाही.

शस्त्रसामग्री चढवणं: हावभाव नको, दिवस हवा

इफिस ६ मध्ये पौल देवाची शस्त्रसामग्री चढवा म्हणतो, सैनिकाच्या एकेका शस्त्राला एकेक अर्थ देऊन. सकाळी उठून डोक्यावर टोप, छातीवर उरस्त्राण असे हात फिरवणारे लोक मी पाहिलेत. लहान मुलांच्या रविवारच्या शाळेत छान दिसतं. मोठ्यांनी मात्र प्रत्येक शस्त्राला दिवसातलं एक काम जोडावं.

कमरपट्टा सत्याचा. सैनिकाचा अंगरखा आवरून धरणारा तो, तो सैल असेल तर पळताना पायातच येतं. काम असं, आज एका माणसाशी एक गोष्ट खरी बोला जी तुम्ही लपवत आहात. नवऱ्याला न सांगितलेलं कर्ज, मोबाईलमधला न दाखवता येणारा भाग, मंडळीत "सगळं ठीक आहे" म्हणून मारलेली थाप. लपवलेली गोष्ट म्हणजे सैतानाच्या हातातलं आपलं गहाणखत. सांगून टाकली की कागद त्याच्या हातून सुटतो.

उरस्त्राण नीतिमत्त्वाचं. तारणाच्या अर्थाने ते ख्रिस्ताचं आहे, आपल्या कमाईचं नव्हे. पण अंगावर घालायचं म्हणजे किराणावाल्याची उधारी वेळेवर देणंही आलंच.

इथे एक तक्रार. "कवचात पाठीला काही नाही, म्हणून पळू नका" हे वाक्य मी पन्नास प्रवचनांत ऐकलं असेल. रोमी सैनिकाचं चिलखत पाठही झाकायचं. पळू नका हे खरंच आहे, पण त्यासाठी पौलाच्या तोंडी नसलेलं घालायची गरज नाही. त्याचा सगळा भर ११, १३ आणि १४ ह्या वचनांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकाच क्रियापदावर आहे, उभं राहणं. किल्ला सर करा असं तो म्हणत नाही. जागा ख्रिस्ताने आधीच जिंकलेली आहे, ती सोडू नका एवढंच.

पायी शांतीच्या सुवार्तेची सिद्धता. नारायण वामन टिळक नागपुरात राहत होते त्या दिवसांत राजनांदगावच्या गाडीत एका अनोळखी गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांचं बोलणं झालं. त्याने वाद घालून ह्या पंडिताला हरवलं नाही. आपुलकीने बोलला आणि नवा करार हातात दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं, १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांची भजनं आपण आजही गातो. तेव्हा पिशवीत एक शुभवर्तमान असू द्या आणि तोंडात भांडण असू देऊ नका.

ढाल विश्वासाची. तिच्यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द "दार" ह्या शब्दापासून आलाय. दाराएवढी, चामडं मढवलेली ढाल, जिच्याआड अख्खा माणूस मावतो. जळते बाण म्हणजे अचानक येणारे विचार, "देवाने तुला सोडलंय", "तू कधीच बदलणार नाहीस". त्यांच्याशी वाद घालू नका. ढाल वाद घालत नाही, मध्ये येते. "देव असा नाही" एवढं म्हणा आणि हातातल्या कामाला लागा.

तारणाच्या शिरस्त्राणावर फार बोलत नाही, रोमकरांस ८ वाचा.

तलवार घासून ठेवणे

तलवार म्हणजे देवाचं वचन. इथला शब्द आखूड तलवारीचा आहे, जवळून लढायची. अख्खं बायबल कपाटात असून उपयोग नाही, नेमकं वचन ओठावर हवं. मत्तय ४ मध्ये येशूला तीन मोह आले आणि तिन्ही उत्तरं त्याने जुन्या करारातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून दिली. चाळीस दिवसांच्या उपासात तो बहुधा तेच घोळवत असावा असं मला वाटतं. आणि ध्यानात घ्या, सैतानानेही वचनच वापरलं, स्तोत्र ९१. तेच स्तोत्र आपण दारावर चिकटवतो आणि ताईत केल्यासारखं समजतो. दारावर लावा, पण मनातही लावा.

करायचं असं. जुन्या लग्नपत्रिकेचे पत्त्यांएवढे सात तुकडे कापा. तुमच्या सात दुबळ्या जागा ठरवा, शेजारणीच्या नव्हे, तुमच्या. भीतीला २ तीमथ्य १:७. दोषीपणाला रोमकरांस ८:१. पैशाच्या चिंतेला मत्तय ६:३३. कामवासनेच्या मोहाला १ करिंथ १०:१३. रागाला याकोब १:१९-२०. एकटेपणाला इब्री १३:५. सातवी जागा तुम्हालाच ठाऊक. आठवड्याला एक कार्ड, भाजी चिरताना, मेट्रोत, गॅसच्या रांगेत मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नको, कारण मनातच तर गोंधळ आहे.

सूर्य मावळायच्या आत

इफिस ४:२६-२७ सांगतं की सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका आणि सैतानाला जागा देऊ नका. जागा म्हणजे पाय ठेवण्यापुरती. एवढी मिळाली की तो बिऱ्हाड थाटतो. आमच्या घरी नियम आहे, संध्याकाळी दिवे लावताना कुणाशी बोलणं तुटलं असेल तर एक वाक्य बोलायचंच. "मी अजून रागात आहे, पण जेवायला ये" हेही चालतं. सगळं मिटलंच पाहिजे असं नाही. ज्या घरात मारहाण होते तिथे मात्र हा नियम लावू नका. तिथे माफी मनात चालू राहू दे, माणसाने सुरक्षित जागी जावं आणि मदत मागावी.

कोणाचा आवाज, कसा ओळखायचा

प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतानाला दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस दोष देणारा. जखऱ्या ३ मध्ये महायाजक यहोशवाची वस्त्रं खरोखरच मळलेली आहेत. आरोप खोटा नाही! तरी परमेश्वर सैतानालाच धमकावतो आणि यहोशवाला नवी वस्त्रं नेसवतो.

फरक असा ओळखा. पवित्र आत्मा नेमकं बोट ठेवतो, "काल बहिणीला जे बोललीस ते", आणि पुढची वाट दाखवतो. दुसरा आवाज मोघम असतो, "तू आहेसच तशी", आणि वाट दाखवत नाही. बोलणं ऐकून तुम्ही देवाकडे वळलात की देवापासून लपलात, तेवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

"तुम्ही" म्हणजे अनेक

मराठीत "तुम्ही" वाचलं की आपल्याला आदरार्थी एकवचन वाटतं, जणू पौल एकट्या मलाच अहो-जाहो करतोय. मूळ ग्रीकमध्ये ते साफ अनेकवचन आहे. शस्त्रसामग्री अख्ख्या मंडळीला चढवायची आहे. रोमी सैनिकही ढालीला ढाल लावून उभे राहत. एकटी ढाल समोरचं अडवते, बाजूचं शेजाऱ्याची ढाल अडवते.

म्हणून दोन माणसं ठरवा. दोनच, व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे. बायकांनी बायका, पुरुषांनी पुरुष निवडलेले बरे. त्यांना आधी विचारून ठेवा, "रात्री फोन केला तर उचलशील का?" एखादा रविवार चुकला तर त्यांच्यापैकी एकाने दुपारपर्यंत विचारावं, "काहून आली नाहीस?" असा चोंबडेपणा मला आवडतो. प्रभुभोजन टाळावंसं वाटतं त्या रविवारी तर नक्की जा.

वाईट दिवस उगवला की

तेराव्या वचनात पौल "वाईट दिवस" म्हणतो. तो रोज नसतो, पण येतो. त्या दिवशी नवीन काही शिकायचं नसतं. लाईट लावा. पाणी प्या, काहीतरी खा. एक स्तोत्र मोठ्याने वाचा, मी २७ वाचते. दोघांपैकी एकाला फोन करा. नोकरी सोडणं, नातं तोडणं, मंडळी बदलणं, मोठा मेसेज पाठवणं, ह्यातलं काहीही त्या रात्री करू नका. मग झोपा. वॉर्डात मी पाहिलंय, पहाटे तीनला माणसाला जे अगदी खात्रीने खरं वाटतं, ते सकाळी सातच्या चहाला तसं उरत नाही.

दिवस निभावला तर सैल पडू नका. लूक ४:१३ मध्ये सैतान येशूला "संधी मिळेपर्यंत" सोडून गेला. आणि पडलात तर येशूला ओळखत नाही म्हणालेल्या पेत्राचं आठवा. त्याला चाळणीतून गव्हासारखं चाळलं जाणार हे येशूला आधी माहीत होतं, त्याने त्याच्यासाठी आधीच प्रार्थना केली होती, आणि वळल्यावर करायचं कामही सांगून ठेवलं होतं, आपल्या भावांना स्थिर कर.

कार्डाची मागची बाजू

शस्त्रांची यादी संपल्यावर पौल प्रार्थनेवर येतो, सर्व पवित्र जनांसाठीच्या. मग स्वतःसाठी मागतो. बेड्या तुटाव्यात म्हणून नव्हे, धैर्याने बोलता यावं म्हणून. तेव्हा तुमच्या सात कार्डांच्या मागे दुसऱ्यांची नावं लिहा आणि वचन म्हणून झालं की कार्ड उलटून त्या नावासाठी मागा.

त्या रात्री जरीपटक्यात आम्ही फोनवरच स्तोत्र २७ वाचलं. सकाळी तिने लिंबू केरात टाकलं, उंबरा धुतला आणि लेकराला दवाखान्यात नेलं. रिक्षा मिळेना तेव्हा समोरच्या काकूंच्या मुलाने स्कूटीवर सोडलं. ते लिंबू कुणी टाकलं ते अजून कळलं नाही, आणि तिने विचारायचंही सोडलंय. तिच्या भीतीच्या कार्डामागे आता काकूंचं नाव आहे. त्यांचे गुडघे फार दुखतात.